परंड्याच्या वर्गात मलिक अंबर

1600 साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडलं आणि निजामशाहीचा कारभार परंड्याच्या किल्ल्यात आला. तिथे मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवणारा मलिक अंबर हा इथिओपियातून पोरवयात विकला गेलेला हबशी. दख्खनमध्ये त्याला विकत घेणारा चंगीझखानही पूर्वीचा गुलामच. शाळेत अंबर शिकवतात तो गनिमी कावा, सारापद्धती आणि खडकी शहर यांच्यापुरता. त्याची विक्री एका वाक्यात आटोपते. परंडा ज्यात येतो त्या धाराशिव जिल्ह्यातल्या शिक्षकांनी तरी त्या वाक्यापाशी थांबावं. कोणी म्हणेल, जिथे गुलाम वजीर होतो, तिथली गुलामी सौम्यच असणार. पण अंबरचं नाव उरलं ते तो वर चढला म्हणून. त्याच्याबरोबर विकल्या गेलेल्यांची नावं कोण सांगणार? शिवाय सुलतानांना हबशी हवे असत, कारण त्यांना इथे ना वतन, ना भाऊबंद. धन्यावाचून आधार नाही. अंबरची बढतीही या तुटलेपणावरच उभी होती. पेशवाईत बदकर्माचा ठपका ठेवून कुणबीण, म्हणजे दासी, केलेल्या आणि विकल्या गेलेल्या बायकांना तर तीही वाट नव्हती.

दुसरा आक्षेप असा की, हे सगळं संपलं. आता उकरून काय मिळणार? 1843 च्या कायद्याने कंपनीच्या मुलखातल्या कोर्टांनी गुलामावरची मालकी मानणं थांबवलं, पण धाराशिव तेव्हा हैदराबादच्या निजामाकडे होता. कर्जापायी बांधलेल्या माणसांसाठी तर 1976 साली वेगळा कायदा करावा लागला. आज भूम-वाशीकडून ऊसतोडीला साखर कारखान्यांवर जाणारा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेऊन निघतो. आजारपणात दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड, लागतो. उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. याला सरसकट गुलामी म्हणणं चूक आहे: इथे माणूस विकला जात नाही, त्याची पोरं मुकादमाच्या मालकीची होत नाहीत. पण उचल राजीखुशीने घेतली एवढ्यावर 1976 चा कायदा थांबत नाही. त्या पैशापायी दुसरीकडे काम करायची मोकळीक गेली का, हेही तो पाहतो. अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. दोन अन्याय एकच नसले, तरी एकाच्या उजेडात दुसरा दिसतो. वर्गात ज्यांचे आईबाप उसाच्या फडावर आहेत अशी पोरं बसलेली असतात. त्यांना ओशाळं वाटेल म्हणून धडा गाळणं म्हणजे लाज चुकीच्या माणसाच्या पदरात टाकणं.