लाखांदूरची हवा

विदर्भ म्हटला की पुण्यामुंबईच्या माणसाला आधी ऊन आठवते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा साडेतीन अंशांवर उतरला होता, असे सांगितले तर तो शांतपणे म्हणतो, "छापताना आकडा चुकला असेल!" आणि नागपूरच्याही पलीकडे, भंडारा जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला असलेल्या लाखांदूरला मी भर डिसेंबरात निघालो ते स्वेटरच्या खरेदीची यादी घेऊन, हे तर त्याला थट्टाच वाटेल.

यादी होती लाखांदूरच्या मास्तरांची. मास्तर माझे जुने स्नेही. झाडीपट्टीतले नाटक एकदा पाहाच, असे ते कित्येक वर्षे म्हणत होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळी सरली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगावी मंडई भरते, रात्री दहा-अकराला पडदा वर जातो आणि खाली येतो तो पहाटे. लाखांदूरच्या शेजारचे वडसा, म्हणजे देसाईगंज, ही तर या नाट्यव्यवसायाची राजधानी. हिवाळ्यातली थंड रात्र हीच ज्यांची नाट्यगृहाची वेळ, अशा रसिकांना माझा दुरूनच नमस्कार होता. यंदा मात्र मास्तरांचा मुलगा मला मोटरसायकलवर घेऊन जाणार, असे ठरले.

ठरले खरे, पण वहिनींनी मोडता घातला. मागल्या हिवाळ्यात शेजारचा मुलगा पहाटे नाटकाहून परतताना वळणावर गाडीसकट धानाच्या बांधीत गेला होता. झोप लागली नव्हती, वेगही फार नव्हता. बोटे इतकी गारठली होती की ब्रेक दाबता आला नाही. गळ्याजवळचे हाड मोडले आणि दीड महिना घरी बसावे लागले. "नाटक पाहाले जा, पर पोराच्या हाताले आधी काईतरी आना," असा वहिनींचा हुकूम होता. घरचे धान अजून विकायचे होते, तेव्हा सगळा खर्च दीड हजारांत बसवायचा, ही मास्तरांची अट.

दीड हजार रुपये घेऊन मी नागपूरच्या सीताबर्डीवर उतरलो. मोटरसायकलवाल्यांची खास जाकिटे पाहिली. कोपराला गादी, खांद्याला गादी, आणि चिठ्ठीवर चार आकडी किंमत, तीही पाचाच्या पुढची! दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळले आणि जाकीट परत टांगून ठेवले. चतुर माणूस!

मग फुटपाथवरच्या तिबेटी बाईंकडे गेलो. साडेचारशेला जाड स्वेटर, दीडशेला लोकरी हातमोजे, शंभराला कानटोपी. माल लुधियानाचा. घर कुठले, म्हणून सहज विचारले, तर म्हणाल्या, "गोठणगाव." मी थक्क झालो. गोठणगाव म्हणजे अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणापाशी. तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत १९७२ साली तिथे वसली, तेव्हा तो मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला १९९९ मध्ये. म्हणजे लाखांदूरच्या शेजारणीकडून लाखांदूरसाठी स्वेटर घ्यायला मी नागपूर गाठले होते! हिवाळा आला की या वसाहतीतली मंडळी शहराशहरांतून गरम कपडे विकायला बाहेर पडतात. हिमालयातून आलेल्या माणसांनी आम्हा मैदानातल्या लोकांना ऊब पुरवावी, हा योग पाहा.

लाखांदूरला पोहोचलो तेव्हा धान कापून झाले होते. चुलबंद आणि वैनगंगा या दोन नद्यांचा हा तालुका. सकाळी आठपर्यंत बांध्यांवरून धुके हलत नाही. मास्तरांच्या मुलाने स्वेटर चाचपून पाहिला आणि हसून म्हणाला, "काका, थंडी नाई मारत, हवा मारते."

पुस्तकातले शास्त्रही हेच सांगते. दहा अंशांची रात्र असावी आणि तोंडावर ताशी पन्नास किलोमीटरचा वारा यावा, तर उघड्या कातडीला ती साडेपाच अंशांसारखी लागते. लोकर ऊब देते ती तिच्या धाग्यांत अडकून बसलेल्या हवेमुळे; वारा आरपार गेला की ती अडकलेली हवाच पळून जाते. म्हणून स्वेटर कितीही जाड असला तरी त्यावर वारा अडवणारे काहीतरी हवेच. मुलाने पावसाळ्यातला जुना रेनकोट काढला. तो स्वेटरवर चढवायचा, आणि स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची चौपदरी घडी. मला गंमत वाटली, कारण 'तूर द फ्रान्स' या जगप्रसिद्ध शर्यतीतले सायकलपटूही डोंगरमाथ्यावरून उतरताना अंगरख्यात वर्तमानपत्र कोंबत आले आहेत. अग्रलेखाचा इतका उबदार उपयोग मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

हातांचा प्रश्न त्याने उलट्या क्रमाने सोडवला. पातळ प्लॅस्टिकची पिशवी आत, तळहाताला लागून, आणि लोकरी मोजा वर. पिशवी वर घातली तर मूठ घसरते. शिवाय वडशाच्या बाजारातून अडीचशेला रेक्झिनची हँडलकव्हरे आणली. त्यांत हात घातले की बोटांवर वारा येतच नाही. माझ्या मते दीड हजारांतली सर्वांत शहाणी खरेदी तीच. कानटोपी शिरस्त्राणाच्या आत बसेना, म्हणून ती मला मिळाली. मागे बसणाऱ्याला वारा कमी लागतो असे म्हणतात. गुडघ्यांना हे कुणी सांगितलेले नसते.

नाटकाबद्दल लिहायला बसलो तर अंक पुरणार नाही. खलनायकाला शिव्या, नायिकेला आसवे आणि मध्येच लावणी. घोंगड्या-चादरी पांघरलेली हजार माणसे जागची हलली नाहीत. पहाटे साडेचारला निघालो. रस्ता धुक्यात बुडालेला. एका वळणावर समोर अचानक म्हैस उभी राहिली. गाडी अलगद थांबली. मुलाने ब्रेकवरची चार बोटे कव्हरातून बाहेर काढून मला उघडमीट करून दाखवली आणि काही न बोलता पुन्हा गाडी सुरू केली.

हिशेब दिला तेव्हा साडेपाचशे रुपये उरले होते. मास्तर ते खिशात घालणार, तोच वहिनींनी हात पुढे केला. शेजारचा मुलगा परत गाडी चालवू लागला होता. त्याच्यासाठी तसलीच कव्हरे आणायची होती.