रायपूरची रात्रीची अभ्यासिका

वाचकहो, नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत आपण दुपारी बसलात, तर डोंगरगडची देवीची टेकडी मागे टाकून दिवेलागणीच्या सुमारास रायपुरास पोहोचता. पाहुण्याला येथे प्रथम देवळे व तलाव दाखवितात. मी मात्र आपणांस रात्री अकरा वाजता जी. ई. रोडवर नेणार आहे. १९५६ साली येथे खाणकाम व धातुशास्त्राच्या शासकीय महाविद्यालयाची कोनशिला बसली. तेच आज राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था म्हणून नांदत आहे. जवळच नालंदा परिसर हे वाचनालय आहे. २०१८ साली ते सुरू झाले, ते अहोरात्र उघडे असावे याच हेतूने.

माझा भाचा तेथे बसतो. तो अभियंता झाला आहे, आता एम. टेक.च्या प्रवेशासाठी त्याला ‘गेट’ द्यावयाची आहे. मी गेलो तेव्हा तो वहीच्या एकाच पानाकडे केव्हाचा पाहत बसला होता.

“घरी चल,” मी म्हणालो.

“मामा, बाकीचे बसले असताना मी कसा उठू?”

त्याच्या सगळ्या व्यथेचे मूळ या एका वाक्यात होते. प्रश्नपत्रिकेपेक्षा शेजारच्या खुर्चीचे भय त्याला अधिक. वास्तविक दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत. पुन्हा पुन्हा तेच पान वाचल्याने विषय आल्याचा भास तेवढा होतो. पुस्तक मिटून स्वतःस प्रश्न घातले की खरे काय ते कळते. ‘गेट’मध्ये तीन तासांत पासष्ट प्रश्न, गुण शंभर, पर्यायी प्रश्नांचे उत्तर चुकले तर गुण कापले जातात. जागरणाने शिणलेले डोके अशा ठिकाणी हमखास फसते. शिवाय या परीक्षेचे गुणांकन तीन वर्षे ग्राह्य असते, हे किती मुलांच्या ध्यानात असते कोण जाणे!

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याला बूढा तलावावर नेले. तलावाच्या मध्यभागी विवेकानंदांचा भव्य पुतळा आहे. १८७७ साली नरेंद्र दत्त हा चौदा वर्षांचा मुलगा याच भागात राहावयास आला. नागपूरच्या पुढे तेव्हा रेल्वे नव्हती. तेथून बैलगाडीचा प्रवास. रायपुरात योग्य शाळाही नव्हती. दोन वर्षे वडिलांशी वादसंवाद, बुद्धिबळ आणि चक्क स्वयंपाक, असे त्याचे शिक्षण चालले. कलकत्त्यास परतल्यावर मागे पडलेला अभ्यास त्याला नेटाने भरून काढावा लागला, आणि १८७९ साली तो प्रवेश परीक्षेत पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाला. आजची चढाओढ तेव्हा नव्हती, हे मान्य. तरी दोन वर्षे शाळेवाचून गेली म्हणून त्या घरात कोणी आकांत केल्याचे ऐकिवात नाही.

आमच्या घरी मात्र ताई रोज फोनवर “किती झाले?” म्हणून विचारीत असे. मी तिला “जेवलास का?” एवढेच विचारावयास सांगितले. ती प्रथम रागावली. तिचीही काळजी खोटी नव्हती.

मात्र छातीत सारखी धडधड होत असेल, अन्न गोड लागत नसेल, सर्व व्यर्थ वाटू लागले असेल, तर फिरणे व उपदेश पुरेसे नाहीत. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६. तेथे मराठीतूनही बोलता येते, आणि खरोखर रात्रभर उघडे असावे असे काही असेल तर ते हेच. तो क्रमांक मी भाच्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला. त्याने तो खोडला नाही.

तलावावरून परतताना आम्ही तांदळाच्या पिठाचा गरम चीला टोमॅटोच्या चटणीबरोबर खाल्ला. त्या रात्री दहा वाजता भाच्याने वाचनालयातील आपली खुर्ची सरकवली, शेजाऱ्याकडे एकवार पाहिले आणि पिशवी उचलली. बाहेर येईपर्यंत तो काही बोलला नाही. रिक्षात बसल्यावर मात्र, घर येण्याआधीच, त्याला झोप लागली.