एकशे चोवीस विटा आणि न मोजलेली माणसं

१४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला लागलेली होती. तिच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता. कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी, लाकूड, गंधक, तेलाची पिंपं, मासळीचं खत असा मालही होता. आणि एकतीस खोक्यांत मिळून सोन्याच्या १२४ विटा होत्या. दुपारी आग लागल्याचं लक्षात आलं. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. ‘जलपद्म’ बोटीचा मागचा भाग पाण्यातून उचलला जाऊन धक्क्यावरच्या शेडवर जाऊन पडला.

विटांचा आकडा मी नेमका देऊ शकतो, कारण खोकी मोजलेली होती, विटा मोजलेल्या होत्या आणि त्यांची कागदपत्रं होती. पुढे कित्येक दशकं गोदीचा गाळ उपसताना त्यातल्या विटा मिळत राहिल्या आणि ब्रिटिश सरकारकडे परत जात राहिल्या. मेलेल्या माणसांचा आकडा मात्र कुणी आठशे लिहितं, कुणी तेराशे, कुणी त्याहून जास्त. त्यात एकच संख्या ठाम आहे, अग्निशमन दलाच्या ६६ जवानांची. ते हजेरीपटावर होते. गोदीत पाठीवर पोती वाहणारा हमाल रोजंदारीवर यायचा. मुकादमाच्या टोळीत त्याला काम मिळालं तर तो त्या दिवशी गोदीत असे, नाहीतर नसे. त्या दुपारी आत किती हमाल होते हे सांगणारा कागदच नव्हता, आणि मृतांच्या संख्येत शेकड्यांची तफावत राहण्याचं मोठं कारण हेच असणार, असं मला वाटतं.

मी जहाजांच्या आणि जहाजी मालाच्या नुकसानीचा सर्व्हेअर आहे. बोट आदळली, कंटेनर भिजला, गोदाम जळलं की विमा कंपनी आम्हाला पाठवते. आम्ही जागेवर जातो, माल मोजतो, बीजकं तपासतो, घसारा काढतो, उरलेला माल किंवा भंगार विकून जे येईल ते सॅल्व्हेज म्हणून वजा करतो आणि शेवटी एक रक्कम लिहितो. एखाद्या दुर्घटनेत इतक्या कोटींचं नुकसान झालं, असं छापून येतं तेव्हा त्यामागे बहुधा अशाच कागदांची बेरीज असते. मालकी ज्याची सिद्ध होते, किंमत ज्याची पावतीवर असते, तेवढंच त्या बेरजेत येतं. जगातल्या सर्वांत महागड्या अपघातांच्या याद्या वाचताना मी कायम हाच प्रश्न घेऊन बसतो की यात कोण मोजलं गेलं.

गोदीच्या स्फोटात विम्याचा पेच मोठा होता. त्या काळच्या आगीच्या पॉलिसीत आग समाविष्ट असे, स्फोट आणि युद्धाची जोखीम वगळलेली असे. आता मांडवीतलं एखादं कापसाचं गोदाम घ्या. ते जळलं, पण स्फोटाने उडालेल्या पेटत्या गाठींमुळे जळलं. मग ती आग म्हणायची की स्फोट? शिवाय दारूगोळा युद्धाचा होता. पॉलिसीतल्या एकेका शब्दावर हजारो दावे वर्षानुवर्षं लोंबकळले असते. सरकारने भरपाईची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि त्यासाठी अध्यादेश काढला. आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने हा निर्णय फार मोलाचा होता. मात्र भरपाई मागायची तर आपलं काय गेलं ते दाखवावं लागतं. व्यापाऱ्याकडे निदान चोपड्या होत्या, बँकेत खातं होतं, माल देणाऱ्या पेढीकडे नोंद होती. सुमारे सहा हजार पेढ्यांना झळ पोचली आणि पन्नास हजार माणसांचं काम गेलं असं म्हटलं जातं. त्या पन्नास हजारांच्या बुडालेल्या मजुरीची बीजकं कुणाकडे असणार? पन्नास हजार टनांहून जास्त धान्य नष्ट झालं, तेही बंगालच्या दुष्काळाच्या पाठोपाठ. धान्याच्या मालकाचं नुकसान हिशेबात येतं. त्यानंतर काळ्या बाजारात तांदूळ घेणाऱ्या गिरणगावातल्या बाईचं येत नाही. गोदी पुन्हा चालू करायला आठ हजार माणसं सात महिने राबली आणि त्यांनी पाच लाख टन ढिगारा उपसला.

समुद्राच्या कायद्यात एक जुनी तरतूद आहे, जहाजमालकाच्या जबाबदारीवरची मर्यादा. अमेरिकेत १८५१ सालच्या कायद्यानुसार मालकाचा स्वतःचा दोष नसेल, तर अपघातानंतर जहाजाचं जे काही उरलं त्याची किंमत आणि त्या फेरीचं भाडं, एवढ्यापुरतीच त्याची देणेदारी. ‘टायटॅनिक’ १९१२ मध्ये बुडाली तेव्हा बोटीचा दहा लाख पौंडांचा विमा लंडनच्या बाजाराने महिन्याभरात चुकता केला. माणसांच्या बाबतीत मात्र कंपनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेली आणि म्हणाली, बोट समुद्राच्या तळाशी आहे, उरल्या आहेत त्या जीवरक्षक होड्या. होड्यांची किंमत आणि भाडं धरून रक्कम झाली सुमारे ९२ हजार डॉलर. दावे होते एक कोटी साठ लाख डॉलरच्या आसपास. शेवटी ६ लाख ६४ हजार डॉलरवर तडजोड झाली. १९६७ मध्ये ‘टॉरी कॅन्यन’ हा तेलवाहू टँकर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ खडकावर चढला आणि एक लाख टनांहून अधिक कच्चं तेल समुद्रात गेलं. तिथे एकच होडी वाचली होती. तिची किंमत पन्नास डॉलर, म्हणून मालकाची देणेदारी पन्नास डॉलर, असा मुद्दा पुढे आला. ब्रिटिश सरकारने त्याच मालकाची दुसरी बोट सिंगापूरला अडकवली तेव्हा कुठे पैसे हलले. ब्रिटन आणि फ्रान्स यांना मिळून तीस लाख पौंड मिळाले.

हा कायदा शिळा झालेला नाही. २६ मार्च २०२४ रोजी ‘डाली’ ही कंटेनर बोट बाल्टिमोरच्या पुलाच्या खांबावर आदळली. पूल कोसळला आणि त्यावर रात्रपाळीत खड्डे बुजवणारे सहा मजूर गेले. ते मध्य अमेरिका आणि मेक्सिकोतून पोटासाठी आलेले होते. मालकाने त्याच १८५१ च्या कायद्याखाली आपली जबाबदारी सुमारे ४ कोटी ३७ लाख डॉलरपुरती ठेवावी असा अर्ज केला. नव्या पुलाचा खर्च अब्जावधी डॉलरचा आहे. त्या बोटीवरचे खलाशी जवळपास सगळे भारतीय होते. अपघातानंतर कित्येक आठवडे ते बोटीवरच अडकून पडले. ज्यांच्या घरात कुणी मर्चंट नेव्हीत आहे, त्यांना त्या आठवड्यांचा अर्थ कळेल. तो वेळही कुठल्याच दाव्याच्या रकमेत धरला जात नाही.

मर्यादा मुळातच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ती नसती तर जहाजधंद्यात पैसा घालायला फारसं कुणी धजावलं नसतं. पण मर्यादा ठरवताना समोर किती माणसं उभी आहेत हे आधी मोजलेलं असलं पाहिजे, आणि इथे भोपाळची वायुगळती आठवल्याशिवाय राहत नाही. १९८५ च्या कायद्याने सगळ्या पीडितांच्या वतीने दावा करण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. मागणी केली ३.३ अब्ज डॉलरची. फेब्रुवारी १९८९ मध्ये तडजोड झाली ४७ कोटी डॉलरवर. त्या वेळी सुमारे तीन हजार मृत्यू आणि लाखभर जखमी असं गृहीत धरलं होतं. नंतर दावे निकाली काढता काढता पात्र पीडितांची संख्या पाच लाख सत्तर हजारांच्या वर गेली. तडजोडीतली रक्कम मात्र ठरून गेली होती. जादा भरपाई मागणारी केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. याच्या शेजारी २०१० चा मेक्सिकोच्या आखातातला तेलविहिरीचा स्फोट ठेवा. तिथे अकरा कामगार गेले, तेल समुद्रभर पसरलं आणि कंपनीचा एकूण खर्च ६५ अब्ज डॉलरच्या वर गेला. तिथल्या मासेमाराला, हॉटेलवाल्याला, किनाऱ्यावरच्या राज्यांना आपलं नुकसान मांडता आलं, कारण कायदा कडक होता आणि कागद तयार होते. भोपाळच्या वस्तीतल्या माणसाला आपण त्या रात्री तिथे राहत होतो हे सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागली. याची चीड मला इतक्या वर्षांनंतरही येते.

आपल्या किनाऱ्यावर हे सगळं एकदा जवळून दिसलं. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या बोटींची टक्कर झाली. सुमारे आठशे टन इंधन तेल सांडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, त्यातल्या काहींत कीटकनाशकं होती. बंदर काही दिवस बंद राहिलं. उरण, मांडवा, अलिबागकडच्या किनाऱ्यांवर आणि खारफुटीत तेल आलं. नारळी पौर्णिमा तोंडावर होती, हंगाम सुरू होण्याच्या बेतात होता, आणि लोकांनी मासळी खाणंच थांबवलं. ‘टॉरी कॅन्यन’ नंतर टँकरच्या तेलासाठी आंतरराष्ट्रीय भरपाईची व्यवस्था उभी राहिली होती, पण ‘चित्रा’ टँकर नव्हती. इतर जहाजांच्या इंधन तेलासाठी जो करार आहे त्यात भारत सामील झाला २०१५ मध्ये.

तेव्हापासून एक गोष्ट मी किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्यांना सांगत आलो आहे. डिझेलच्या परताव्यासाठी बोटीच्या नोंदी तुम्ही ठेवताच. त्याच वहीत रोजची पकड, प्रकार, वजन आणि लिलावात आलेला भाव लिहा. तीन-चार हंगामांच्या अशा नोंदी असल्या की तेल आल्यानंतरचा हंगाम त्यांच्या शेजारी ठेवून तुटीचा हिशेब मांडता येतो. मग कुठलाही सर्व्हेअर तो सहज नाकारू शकत नाही. तेलगळतीच्या आंतरराष्ट्रीय निधीच्या दाव्यांतही लहान मच्छीमारांकडून हाच पुरावा उपयोगी पडतो. नोंदीने काय बदलतं ते गोदीतच दिसलं आहे. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा आला, १९६९ मध्ये माथाडी कायदा आला, आणि ज्या हमालाचं नाव कुठेच नव्हतं त्याला नंबर मिळाला, हजेरी मिळाली. आज गोदीत अपघात झाला तर आत किती नोंदणीकृत कामगार होते हे सांगता येतं.

कोळीवाड्यांतल्या वहीत अजून एक नोंद कुणी ठेवत नाही. बोट पुरुषाच्या नावावर असते, परतावा त्याच्या नावावर येतो. मासळी निवडणारी, सुकवणारी, पाटी घेऊन बाजारात बसणारी बाई त्या हिशेबात नसते, आणि तेल आलं की गिऱ्हाईक सर्वांत आधी तुटतं ते तिचं. बाजारात बसणाऱ्या प्रत्येक बाईच्या नावापुढे तिने लिलावातून किती किलो उचललं आणि किती रुपयांना, एवढं लिहिलं तरी पुरे. मासळी बाजारात रोज पावती फाडली जाते. तिची दुसरी प्रत सोसायटीत जमा करायला सुरुवात करावी, आणि ती या हंगामापासून करावी.