खालून वर

जुनी जिप्सी घेतलेले लोक सल्ल्याला येतात तेव्हा त्यांच्याकडे यादी तयार असते. जाडजूड लोखंडी बंपर, विंच, टपावर दिव्यांची रांग, स्नॉर्कल, चार इंचांची लिफ्ट. यादी वरून खाली लिहिलेली असते. दिसणाऱ्या वस्तू आधी, टायर शेवटी, आणि ज्या गोष्टी दिसत नाहीत त्या यादीत नसतातच. मी ती उलटी करायला सांगतो. पैसे मोजके असतील तर काम जमिनीपासून सुरू करावं आणि वर सरकत जावं. अर्ध्यात पैसे संपले, तरी तोवर झालेलं काम पूर्ण उपयोगाचं असतं.

अशा कामाला जिप्सीइतकी सोयीची गाडी आपल्याकडे क्वचितच झाली. सुझुकीच्या एसजे ४१० वरून बेतलेली ही गाडी मारुतीनं १९८५ मध्ये आणली, तेव्हा ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर होते. १९९६ मध्ये १.३ लिटरची, पाच गिअरची जिप्सी किंग आली. इंजिन बदललं, पण खालचा सांगाडा मूळ वळणाचाच राहिला: शिडीची चेसिस, पुढं-मागं अखंड ॲक्सल, चारही कोपऱ्यांवर पाटे, आणि फोर-लो देणारा ट्रान्सफर केस. वजन टनाच्या आसपास. सैन्यानं ही गाडी वर्षानुवर्षं वापरली. तालुक्याच्या गावातला मेस्त्रीही ती उघडून पुन्हा जोडू शकतो. म्हणजे चांगल्या गोष्टी कारखान्यानं आधीच दिल्या आहेत. वीस-पंचवीस वर्षांत त्यातलं काय झिजलं, ते आधी परत मिळवायचं.

म्हणून पहिला खर्च नवीन काही लावण्यावर नको. गाडी रॅम्पवर घ्यावी आणि हातोडीनं चेसिस ठोकत जावं. धड लोखंड खणखणतं, सडलेलं भद्द वाजतं. कोकणातल्या गाडीला हे दोनदा करावं, कारण खारी हवा चेसिसला आतून खाते. मग पुढची चाकं उचलून वर-खाली हलवायची. नकलमधले किंगपिन बेअरिंग सैल असतील तर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थडथडायला लागतं. मोठे टायर चढवले की ही थडथड आणखी वाढते. पाट्यांचे बुश, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, नकलची सीलं, दोन्ही डिफरन्शियलमधलं तेल, सगळं पाहायचं. आणि फोर व्हील खरोखर लागते का, हेही पाहायचं. लिव्हर सरकला म्हणजे पुढच्या चाकांना ताकद पोचली असं नाही. गाडी स्टँडवर चढवून चाकं फिरतात का ते डोळ्यांनी बघावं. हे सगळं करून आणलेली गाडी बाहेरून तशीच दिसते. चालवताना मात्र ती वेगळी गाडी असते.

त्यानंतर टायर. अखंड ॲक्सलच्या गाडीत सर्वांत खालचा भाग असतो डिफचा गोळा, आणि तो ॲक्सलला जोडलेला असतो, बॉडीला नाही. पाटे कितीही उंच करा, बॉडी वर जाते, गोळा जागेवरच राहतो. चाकोरीच्या मधल्या वरंब्याला तो पूर्वीसारखाच घासणार. त्याला उचलण्याचा साधा उपाय म्हणजे मोठा टायर. २०५/७० आर १५ चा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर भरतो, २१५/७५ आर १५ चा ७०३. म्हणजे गोळा १७-१८ मिलिमीटर वर गेला. आकडा लहान वाटतो, पण दगड चुकतो की लागतो हे बहुधा तेवढ्यातच ठरतं. २३५/७५ घेतला तर व्यास दहा टक्क्यांनी वाढतो, आणि तेवढाच प्रत्येक गिअर लांब होतो. फोर-लोमध्ये जी गाडी रांगत चढायची, तिला आता जास्त रेस द्यावी लागते. चाक वळताना बॉडीला घासतं, ब्रेकवरचा भार वाढतो, स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. मोठ्या टायरची किंमत दुकानातल्या बिलात पूर्ण कळत नाही. मी म्हणूनच बहुतेकांना पहिल्या पायरीवर, म्हणजे २१५/७५ वर, थांबायला सांगतो.

टायरच्या खोबणी कशा हव्यात, ते कुठं जाणार यावर ठरवावं. देशावरची काळी माती ओली झाली की खोबणीत घट्ट बसते, आणि ऑल-टेरेन टायर एका फेऱ्यात गुळगुळीत होतो. तिथं मोठ्या, उघड्या खोबणीचा मड टायर स्वतःला झाडत राहतो. सह्याद्रीतल्या शेवाळलेल्या कातळावर मात्र मऊ रबर आणि जास्त टेकणारी बाजू लागते, तिथं ऑल-टेरेनच बरा. वर्षातले बहुतेक किलोमीटर डांबरावर होत असतील, तर ऑल-टेरेनवरच समाधान मानावं.

टायरमधली हवा कमी करण्याइतकी स्वस्त आणि गुणकारी सुधारणा दुसरी नाही. माणसांसकट गाडी बाराशे किलो धरली तर एका चाकावर तीनशे किलो येतात. २८ पीएसआयला कागदावरच्या हिशोबानं टायर दीडशे चौरस सेंटिमीटरभर टेकतो, १८ ला सव्वादोनशेच्या पुढं. टायरची भिंत थोडा भार स्वतः पेलते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक जरा कमी पडतो, पण स्टिअरिंगवर बसलेल्याला तो लगेच जाणवतो. वाळूत गाडी रुतत नाही, दगडावर टायर कडेला मिठी मारतो, आतल्या माणसांना बसणारे दणके कमी होतात. फार खाली गेलं तर जोरात वळवताना टायर रिमवरून उतरू शकतो. डांबरावर परत येताच हवा भरलीच पाहिजे, म्हणून एक बरा पंप आणि प्रेशर मोजायचा गेज गाडीत कायम हवा.

उंची वाढवण्याचा विषय यानंतर. पैसे वाचवायला लोक लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा दुवा, लावतात. पाट्याचं एकच टोक खाली जात असल्यानं दोन इंच लांब शॅकलनं मधल्या ॲक्सलवर एकच इंच मिळतो. शिवाय पुढचा ॲक्सल थोडा फिरतो, कॅस्टर घटतो, आणि महामार्गावर स्टिअरिंग भरकटतं. त्यापेक्षा जुन्या पाट्यांना पाटेवाल्याकडून पुन्हा कमान देऊन घ्यावी आणि बुश नवे घालावेत. वर पानं वाढवत बसू नये. पानं वाढवली की गाडी उंच होते, पण ताठ होते.

ताठ गाडी खडबडीत जागी अडते. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेलं की ते रिकामं गरगरतं आणि जमिनीवरच्या चाकाला नावापुरती ताकद मिळते. पुढचं एक आणि मागचं तिरक्या बाजूचं एक अशी दोन चाकं उचलली गेली, की फोर व्हील असूनही गाडी जागच्या जागी उभी. म्हणजे चाक जमिनीवर टेकलेलं राहणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी पाटा मोकळेपणानं वाकायला हवा. शॉक ॲब्सॉर्बरची लांबी पाट्याच्या पूर्ण पसरण्याइतकी असावी, नाहीतर चाक शॉकवर लटकतं आणि त्याचा माउंट तुटतो. ब्रेकचे रबरी पाइप चाक पूर्ण खाली लोंबत असताना ताणले जात नाहीत ना, हे तपासल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये. यू-बोल्ट नवेच घालावेत आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळावेत. एवढं करूनही चाक उचललं गेलंच, तर रेस हलकी ठेवून ब्रेक किंचित दाबावा. रिकाम्या चाकाला अडथळा मिळतो आणि दुसरं चाक ओढायला लागतं.

ओढे ओलांडणार असाल तर स्नॉर्कलआधी ब्रीदर, म्हणजे डिफमधल्या हवेची वाट, बघा. चालून तापलेला डिफ थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढून घेते. तेल ताकासारखं पांढरट होतं, आणि पुढं बेअरिंग जातात. ब्रीदरना दोन-तीन मीटर रबरी नळी जोडून तिचं टोक बोनेटखाली उंचावर बांधलं की काम झालं. पेट्रोल गाडीत डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरींवरचे रबरी बूट धड हवेत. पाण्याचा तळ आधी पायी उतरून पाहावा. जिथं माणसाचे पाय टिकत नाहीत तिथं हलकी जिप्सीही टिकत नाही.

गाडी अडकणार हे धरूनच तयारी करावी. विंचच्या पैशांत चांगला ताणणारा रोप, वजन कोरलेले दोन बो-शॅकल, फावडं आणि लाकडी फळ्या येतात, वर पैसे उरतात. पाऊण इंची शॅकलवर ४.७५ टन कोरलेलं असतं. ज्यावर काहीच कोरलेलं नाही ते घेऊ नये. मूळ हूक गाडी बांधून नेण्यासाठी असतात, झटक्यानं ओढण्यासाठी नसतात. चेसिसला उच्च ताकदीच्या बोल्टांनी धरलेले ओढण्याचे बिंदू पुढं-मागं लावून घ्यावेत. ट्रेलरच्या बॉलला रोप कधीही अडकवू नये. बॉल तुटून उडाला की माणूस मरतो. आणि एकट्यानं जाऊ नये. दुसरी गाडी हाच सर्वांत भरवशाचा विंच.

लोखंडी बंपरचं सांगायचं तर, केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्ये क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाईच्या सूचना राज्यांना दिल्या, कारण ते पादचाऱ्यालाही घातक आणि आत बसलेल्यांनाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांना मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. जुनी गाडी मुळात जशी होती तशी धडधाकट करणं त्यामुळे कायद्याच्या दृष्टीनंही शहाणपणाचं.

उरलेले पैसे पेट्रोलवर घालावेत. मालकाला विचारून एखाद्या पडीक माळावर, खाणीच्या रस्त्यावर सराव करावा. सड्यांवर गाडी घालू नये. कास पठारासारख्या जागी कातळावर बोटभर माती असते आणि अख्खं पावसाळी रान त्यावर उगवतं. ओल्यात उमटलेली चाकोरी तिथं वर्षानुवर्षं भरून येत नाही.

गाडी सुधारली का, हे ओळखायची माझी कसोटी एकच आहे. पूर्वी ज्या चढाला रेस दाबून झेप घ्यावी लागायची, तो आता फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये, पाय जवळजवळ सोडून चढता येतो का? येत असेल तर पैसे बरोबर जागी लागले. कमी रेस म्हणजे कमी फिरणारं चाक. चाक कमी फिरलं की ॲक्सलचे शाफ्ट कमी तुटतात, गाडी कमी रुतते, आणि तिच्याखालची जमीनही कमी उखडते.