गिरेबान, अस्तनी, दामन

शिक्षकाच्या कपाटात डोकावले की त्याचा आठवडा कळतो. माझ्या कपाटात एका बाजूला फिक्या रंगांचे फुल शर्ट आणि काळ्या-करड्या पँटी आहेत, त्या शाळेच्या. दुसऱ्या बाजूला कुर्ते-पायजमे, ते जुम्म्याचे, ईदचे आणि लग्नकार्याचे. या दोन्हींच्या मधला जो वेळ असतो, म्हणजे रविवारची भाजी, बँकेची कामे, मुलाच्या होस्टेलची फेरी, त्यासाठी कपाटात काहीच नव्हते. कॉलर विरलेला शाळेचाच एखादा शर्ट ही सगळी कामे निभावून नेत असे.

आम्हा शिक्षकांना पेहरावाची शिस्त नवी नाही. मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला की शिक्षकांनी जीन्स-टी-शर्ट घालू नये, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी टाळावी, पुरुषांनी शर्ट-पँट घालावी आणि शर्ट इन करावा. त्यावर बरीच चर्चा झाली. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र कुणाचे काही बदलले नाही. बी.एड.च्या सराव पाठांपासून आम्ही शर्ट इन करूनच फळ्यासमोर उभे राहत आलो आहोत. अडचण शाळा सुटल्यावरची होती. शाळेबाहेर आपण कोण दिसायचे, हे कोणत्याच शासन निर्णयात नसते.

हा प्रश्न माझ्यापुढे मुलाने आणला. तो पुण्यात शिकतो. मी त्याच्याकडे जाणार होतो, त्याच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "अब्बा, आते वक्त कुर्ता-टोपी नक्को पैनो. शर्ट पैनके आव, नै तो टी-शर्ट."

मी विचारले, "क्यूं रे?"

थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ट्रेन में आनेवाले ना तुम."

एवढेच. मला पुढे काही विचारता आले नाही. बातम्या तोही वाचतो, मीही वाचतो. त्याच्या आवाजात बापाची लाज नव्हती, हे मला कळले. लाज असती तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. त्याच्या आवाजात काळजी होती, आणि काळजीला सुनावता येत नाही. मी त्याच्या वयाचा असताना माझ्या अब्बांना असे काही सांगण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती. बायकोला सांगितले, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "लडका सही बोलरा जी. एक अच्छा टी-शर्ट ले लेव."

म्हणून मी टी-शर्ट घ्यायला नवी पेठेत गेलो.

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने टी-शर्ट घेणे सोपे नसते. गोल गळ्याचा घातला की पोट पुढे येते आणि मान आखूड दिसते. शिवाय छातीवर इंग्रजीत काही ना काही लिहिलेले असते, ते मुलांसमोर वाचून दाखवता येईल असे नसते. कॉलरचा पोलो घातला की पुन्हा शाळेत गेल्यासारखे वाटते. दुकानातल्या पोऱ्याने पाच-सात नग उलगडले आणि शेवटी एक काढला. कॉलर नाही, गळा गोल, पण गळ्यापासून छातीपर्यंत चिरलेला, आणि त्या पट्टीवर तीन बटणे. "सर, हे बघा, हेन्ली. तुमच्या वयाला शोभेल."

हेन्ली हे इंग्लंडमधल्या एका गावाचे नाव. थेम्स नदीकाठच्या हेन्ली-ऑन-थेम्समध्ये १८३९ पासून होड्यांच्या शर्यती भरतात. तिथले वल्हवणारे खेळाडू असा बिनकॉलरचा, पुढे बटणांचा शर्ट घालत. वल्हे मारताना कॉलर मानेला काचत नाही, आणि घाम आला की बटणे उघडून वारा घेता येतो. बराच काळ याच धाटणीचे कपडे आतून घालायचे म्हणूनही विकले जात. १९७० च्या दशकात राल्फ लॉरेन या अमेरिकी डिझायनरने तो बाहेर घालायचा कपडा म्हणून पुढे आणला आणि तो जगभर गेला.

पोऱ्याने तो माझ्या अंगाला लावून आरसा दाखवला, तेव्हा मला विलायत आठवली नाही. मला अब्बा आठवले. ते मागावर काम करायचे. खाली लुंगी आणि वर मांजरपाटाची बंडी, बिनकॉलरची, छातीपर्यंत उघडणारी, तीन बटणांची. वरचे बटण नेहमी उघडे, कारण कारखान्यात पंखा नव्हता. पंखा लावला की सूत उडते, असे मालक सांगायचा. वल्हवणारा काय आणि मागावरचा काय, घाम येणाऱ्या माणसाने शोधलेला गळा सारखाच निघाला. फरक इतकाच की अब्बांची बंडी घरच्या शिलाई मशीनवर शिवलेली होती आणि माझ्यापुढच्या शर्टावर सहाशे नव्व्याण्णव रुपयांची चिठ्ठी होती.

आता घ्यायचा तर पारखून घ्यायचा. मी भाषा शिकवतो, त्यामुळे कपड्याकडेही शब्दांतून बघायची सवय आहे. शर्टाचे तीन भाग उर्दू शायरीने अजरामर केले आहेत: गिरेबान, आस्तीन आणि दामन. मी त्याच क्रमाने हेन्ली तपासला, आणि ज्यांना घ्यायचा असेल त्यांनीही तसाच तपासावा असे सुचवतो.

गिरेबान म्हणजे गळ्याची पुढची चीर. गझलेतला आशिक तो फाडतो, आणि बोलीभाषेत आपण दुसऱ्याला सांगतो की आधी स्वतःच्या गिरेबानात डोकावून बघ. हेन्लीचा सगळा जीव याच जागी असतो. पट्टी उलटी करून आतून बघायची. आत कडकपणासाठी कापडाचा दुसरा थर लावलेला असेल तर ती सरळ राहते, नसेल तर दोन धुण्यांत लाटांसारखी वळते. पट्टी खाली जिथे संपते तिथे चौकोनी पक्की शिलाई हवी, कारण डोक्यातून काढताना सगळा ताण तिथे येतो. गळ्याची रिबची पट्टी ताणून सोडायची. ती लगेच जागेवर आली तर ठीक, सैल पडली तर ठेवून द्यायचा. बटणे तीन पुरे. पाच बटणांची चीर पोटापर्यंत जाते, ते चाळिशीनंतर न केलेले बरे. आणि उघडायचे ते एकच, वरचे.

आस्तीन मराठीत अस्तनी होऊन आली. उर्दूत त्या आस्तीनीत साप असतो, मराठीत अस्तनीत निखारा. विश्वासघाताला दोन्ही भाषांनी एकच जागा दिली, मुक्काम करणारा मात्र वेगवेगळा. मुलांना हे सांगितले की दोन्ही वाक्प्रचार कायमचे लक्षात राहतात. शर्टाच्या बाबतीत बघायचे ते खांद्यावरची शिवण. ती खांद्याच्या हाडावर यावी. दंडावर उतरली तर शर्ट मोठ्या भावाचा वाटतो. अर्धी बाही घ्यावी की पूर्ण, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी पूर्ण बाहीचा घेतला, त्याचे कारण वुजू. कोपरापर्यंत हात धुवायचे असतात. शर्टाच्या कफाचे बटण सोडा, घड्या घाला, नमाजेच्या आधी पुन्हा उलगडा, कारण दुमडलेल्या बाहीने नमाज पढू नये असे आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. हेन्लीच्या मनगटाला रिब असते. वर सरकवली की कोपराच्या वर थांबते, खाली ओढली की मनगटावर येते. पाहुण्यांसमोर हात धुवायलाही ही सोय उत्तम.

तिसरा दामन. मराठीत याला नेमका शब्द नाही. पदर आहे, पण तो साडीचा. दामन म्हणजे कपड्याचा खालचा घेर, मदत मागणारा जो धरतो तो. नमाज पढणाऱ्या माणसाने हेन्ली घेताना सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यावे. आजकालचे टी-शर्ट आखूड असतात. रुकूत वाकले की पाठीवरून वर सरकतात, सजद्यात गेले की कंबर उघडी पडते, आणि मागच्या सफीतल्या माणसाची नजर कुठे जाईल ते सांगायला नको. नाभीपासून गुडघ्यापर्यंतचे अंग झाकलेले असणे ही नमाजेची अटच आहे. म्हणून मी ट्रायल रूममध्ये आरशाकडे पाठ करून रुकूइतका वाकलो आणि मान वळवून पाहिले. पडद्याच्या फटीतून पोऱ्याने विचारले, "सर, कंबर धरली का?"

मी म्हणालो, "नाही रे, उंची बघतोय."

तो हुशार निघाला. त्याने एक नंबर मोठा आणला नाही, कारण त्याने छाती ढगळ झाली असती. त्याने त्याच मापाचा, पण मागचा घेर पुढच्यापेक्षा थोडा खाली उतरलेला, गोलाईचा नग आणला. माझ्या उंचीला खांद्यापासून २९ इंच लागतात. धुतल्यावर सुती कापड आटते, तो इंचभर आधीच धरायचा. ज्यांना नमाज पढायची नाही, त्यांनीही एकदा वाकून पाहावे. बुटाची नाडी तर सगळेच बांधतात.

राहिले कापड. विणीच्या कापडाचे वजन चौरस मीटरला किती ग्रॅम, यावर मोजतात, आणि तो आकडा बऱ्याचदा लेबलवर असतो. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. इथे १६० ते १८० ग्रॅमचे शुद्ध सुती कापड बरे. २२० च्या पुढचे किंवा आतून मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असलेले वॉफल विणीचे कापड थंड प्रदेशासाठी. पॉलिस्टर मिसळलेले कापड चुरगळत नाही, पण घाम धरून ठेवते. बाजूची शिवण काखेपासून खालपर्यंत सरळ उतरते का, ते उभे धरून बघावे. ती आताच पोटाकडे वळत असेल तर धुतल्यावर आणखी वळेल. रंग गडद निळा, राखाडी किंवा मेंदीचा. पांढरा घेऊ नये, तो आतल्या कपड्यासारखाच दिसतो.

आणि किती घ्यावेत? दोन. नमाजेच्या जागी नीटनेटके कपडे घालून जावे आणि उधळपट्टी करू नये, या दोन्ही गोष्टी कुरआनात सूरह अल-आराफमधल्या एकाच आयतीत येतात. मला ही जोडी नेहमीच विचार करण्याजोगी वाटते. फाटके घालणे म्हणजे साधेपणा नव्हे, आणि कपाट भरणे म्हणजे टापटीप नव्हे.

पुण्याला जाताना मी गडद निळा हेन्ली घातला. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस. सोलापूरच्या ज्या चार हुतात्म्यांच्या नावाने ही गाडी धावते, त्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. दरवर्षी जानेवारीत मी वर्गात ही चार नावे एका दमात सांगतो. त्या दिवशी खिडकीशी बसून ती मनात म्हणताना चौथ्या नावावर जरा थांबलो.

समोर एक गृहस्थ होते, माझ्याच वयाचे. त्यांचे माझ्याकडे विशेष लक्ष नव्हते, आणि ते बरे वाटले. कुर्डुवाडीपर्यंत आम्ही कांद्याचा भाव, मुलांच्या फिया आणि पगाराच्या तारखा यांवर बोललो. मग त्यांनी विचारले, "सर, आपलं नाव?" मी सांगितले. गप्पा थोड्या थांबल्या. त्यांनी बाहेर पाहिले. मग डबा उघडून म्हणाले, "शेंगाचटणी चालते ना तुम्हाला?" मी म्हणालो, "सोलापूरचा आहे, न चालून कसं होईल?" त्यानंतर दौंड कधी आले कळले नाही.

मी तेव्हापासून त्या थांबलेल्या वेळाचा विचार करतो. कपडा आपली सोबत करतो ती नाव विचारेपर्यंतच. पुढचे सगळे आपण आणि समोरचा माणूस यांच्यात. हेन्ली मला आवडतो, तो सोयीचा आहे, अब्बांच्या बंडीचा नातेवाईक आहे. पण तो लपायची जागा म्हणून घालायचा असे ठरवले, तर मला तो अंगावर टोचेल, मग कापड कितीही मऊ असो. मुलाची काळजी खरी आहे आणि मी तिचा मान राखतो. त्या काळजीने माझे अर्धे कपाट मात्र रिकामे होऊ नये.

तो शुक्रवार होता. पिशवीत डब्याच्या खाली मी इस्त्रीचा कुर्ता घडी करून नेला होता. मुलाच्या खोलीवर तो घातला, टोपी घातली आणि आम्ही दोघे जुम्म्याला गेलो. मुलगा काही बोलला नाही. परत येताना होस्टेलच्या फाटकाशी त्याचे तीन-चार मित्र उभे होते, कुणी लातूरचा, कुणी साताऱ्याचा. मला वाटले, हा पुढे निघून जाईल. तो थांबला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना मराठीत म्हणाला, "हे माझे वडील. सोलापूरला शिक्षक आहेत."