तिसऱ्या रॉडची खूण

दुकानाचा कारभार मुलाकडे सोपवल्यावर अण्णांनी हाती घेतलेले पहिले काम म्हणजे अंगणात सात वर्षे झाकून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी. मुलाने भंगारवाल्याला शब्द दिला होता. "एक महिना थांब," एवढेच ते म्हणाले.

पद्मिनीचे इंजिन तसे साधे: चार सिलिंडर, १०८९ सीसी. ते खोलण्यास धाडस लागत नाही, नोंद लागते. कनेक्टिंग रॉडची खालची अर्धी कॅप त्याच रॉडला आणि त्याच बाजूने बसली पाहिजे, कारण कारखान्यात दोन्ही जोडूनच घडवलेली असतात. अण्णांनी जुन्या खतावणीची कोरी पाने काढली. डावीकडे सुटलेला भाग, उजवीकडे तो बसवल्याची खूण. सिलिंडर झिजले होते. ६८ मिलिमीटरचे ते भोक घरी वाढवता येत नाही, म्हणून ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवावा लागला. बाकी सारे ओसरीवरच्या लाकडी टेबलावर, नातवाच्या मदतीने झाले. व्हॉल्व्ह घासण्याच्या पेस्टने माखलेला त्याचा शाळेचा सदरा पाहून सूनबाई काय म्हणाल्या, ते येथे न सांगितलेलेच बरे.

ऑइल चेंबर बंद झाले. इंजिन गाडीत उतरवण्यासाठी मिस्त्री सकाळी चेन-पुली घेऊन येणार होता. रात्री अण्णांनी वही चाळली, तेव्हा तिसऱ्या रॉडच्या नटांपुढे खूण दिसेना. त्या संध्याकाळी दिवस मावळण्यापूर्वीच्या जेवणाची हाक आली होती आणि पाना नातवाच्या हातात होता.

"आजोबा, मी घट्ट केले होते," नातू म्हणाला. थोड्या वेळाने पुटपुटला, "बहुतेक."

तो नट सैल राहिला, तर धावत्या इंजिनात रॉड सुटून ब्लॉक फोडू शकतो. पण चेंबर उघडायचे म्हणजे गॅस्केट फाटणार, मिस्त्रीचा दिवस हुकणार. आणि महिना तर उद्याच संपत होता.

"अण्णा, खूण आता करून टाका," मुलगा अर्धवट थट्टेने म्हणाला.

"न आलेली रक्कम जमेला धरायला तुला कधी शिकवले का मी?"

पहाटे इंजिन पुन्हा उलटे झाले. अण्णांनी टॉर्क पाना नातवाच्याच हाती दिला. पहिला नट जागचा हलला नाही. दुसरा जवळजवळ अर्धा फेरा फिरला.

नातवाने हात पुसून वहीत खूण केली. कोणीच काही बोलले नाही. नवे गॅस्केट आणायला मुलगा दुकान उघडण्याआधी स्वतःच बाजारात गेला.