परसातली जास्वंद

माझी नजर अधू नाही. समोरून येणाऱ्या बसची पाटी मी आजही चष्म्यावाचून वाचतो. फक्त तांबडा आणि हिरवा हे दोन रंग माझ्यापर्यंत पोचेतो एकमेकांत मिसळून जातात, एवढेच! लहानपणी हे कुणाच्या ध्यानात आले नाही. सकाळी आई हातात परडी देऊन मला परसात पिटाळी. बहरलेल्या जास्वंदीपुढे उभा राहून मी चाचपडे आणि तीन-चार फुले घेऊन परते.

"एवढं झाड फुललंय, आणि या आळशाला दिसत नाही!" आई म्हणे.

पुढे एका नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांमधला आकडा काही केल्या वाचता येईना, तेव्हा खरा प्रकार कळला. घरी येऊन मी "जागा भरल्या" असे सांगितले. का, कोण जाणे. लाज वाटली असावी. आईच्या लेखी मी अखेरपर्यंत आळशीच राहिलो.

आमची नात वेबपाने सजवण्याचे काम करते. गेल्या दिवाळीत तिने १९८६ सालचा एक रंगीत फोटो लॅपटॉपवर चढवला. परसात, जास्वंदीशेजारी आई उभी. त्यावर तिने एक रिकामा चौकोन ठेवला आणि सीएसएस नावाच्या सजावटीच्या भाषेत एक ओळ लिहिली : बॅकड्रॉप-फिल्टर, ह्यू-रोटेट, ९० अंश. नुसता फिल्टर लावला, तर म्हणे चौकोन स्वतःच रंग बदलतो. बॅकड्रॉप म्हटले की त्याच्या मागचे बदलते. रंगांचे चक्र ३६० अंशांचे, त्याला पाव फेरा द्यायचा.

प्रथम काहीच दिसेना. चौकोनात पांढरा रंग भरलेला राहिला होता. खिडकीच्या काचेला चुना फासून बाहेर पाहावे तसे झाले! तो काढून टाकल्यावर काच पारदर्शक झाली. (ही सोय सफारीत २०१५ साली आली, क्रोममध्ये २०१९ साली आणि फायरफॉक्समध्ये २०२२ साली. नातीला हा फार उशीर वाटतो. मी साठ वर्षे थांबलो होतो.)

"आजोबा, आता सरकवा."

मी माउसने काच झाडावर नेली. पाने निळी झाली, फुले गडद हिरवी. निळ्याशी माझे कधीच भांडण नव्हते. फुले पानांतून सुटून एकदम पुढे आली. शेंड्यावर, कुंपणापलीकडे, आईच्या खांद्यामागे! मी एकोणीस मोजली.

काच आईवर गेली. तिचे पांढरे केस होते तसेच राहिले. पांढऱ्या-काळ्याला छटाच नाही, तर फिरवणार काय?

"अगंबाई! सासूबाईंचं कुंकू हिरवं झालं की!" मागून सौभाग्यवती म्हणाली.

मी घाईघाईने काच पुन्हा झाडाकडे ओढली आणि फुले पहिल्यापासून मोजू लागलो.